नांगर वजनावर धरत नाही!

मित्रांनो, मराठीत एक गंमत आहे. शेतातला नांगर तो नांगर आणि होडीचा नांगर तोही नांगरच! इंग्रजीत या दोन वस्तूंना दोन अगदी वेगळे शब्द आहेत. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे हे दोन नांगर माझ्या डोक्यात कधी शेजारी-शेजारी आलेच नव्हते. एक बैल ओढतात, दुसरा बोट थांबवतो, बस्स. पण गेल्या सुट्टीत एक छोटासा नांगर स्वतःच्या हाताने बनवायची वेळ आली आणि लक्षात आलं की हे नावसाम्य अगदी चपखल आहे. दोन्ही नांगरांना आपलं टोक जमिनीत घुसवायचं असतं, आणि ते घुसणार की वर उचललं जाणार हे एकाच गोष्टीवर ठरतं. ती म्हणजे ओढ कोणत्या कोनातून येते.

या लेखात मासेमारीच्या कयाकसाठी घरगुती नांगर कसा करायचा, तो का धरतो आणि कधी टाकायचा नाही, हे सांगणार आहे. कयाक नसेल तरी वाचा. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये आपण बलाचे दोन घटक पाडतो ना, ते नुसते पेपरात लिहिण्यासाठी नसतात!

थोडी पार्श्वभूमी

आमचं गाव शिरढोण, तालुका पनवेल. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे जन्मगाव (१८४५). मुंबई-गोवा हायवेने कर्नाळ्याची खिंड ओलांडून पुढे गेलं की खारपाड्याला पाताळगंगा लागते. खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून आहे. त्याचं सोडलेलं पाणी याच नदीत येतं, आणि खालच्या अंगाला समुद्राची भरती-ओहोटीही याच पाण्यात चढते-उतरते. माझं आजोळ त्या खाडीकाठचं. मामाची जुनी लाकडी होडी आहे. मामेभावाने मात्र एक सेकंडहँड प्लॅस्टिकचं कयाक आणलं.

कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद, हलकी होडी. मूळची आर्क्टिक प्रदेशातल्या इन्युइट लोकांची. ते लोक लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवत आणि शिकारीला नेत. हल्ली ती प्लॅस्टिकची एकसंध येते. वजन कमी, तळ उथळ, एकट्याने उचलून पाण्यात टाकता येते. पण हलकी म्हणूनच ती पाण्याबरोबर आणि वाऱ्याबरोबर लगेच वाहत जाते. गरी टाकून मासा लागायची वाट बघायची तर एका जागी थांबायला हवं. दोन्ही हात वल्ह्यात अडकले तर गरी कोण धरणार?

म्हणून भाऊ म्हणाला, "ताई, तू इंजिनिअर होणार ना? मग मला एक नांगर बनवून दे. डब्यात सिमेंट भरून दिलंस तरी चालेल." त्यावर मामी म्हणाली, "नांगर दे बाय, पण तो एकटा जातो ते ध्यानात ठेवून दे." मामीच्या या एका वाक्यामुळे हे काम साधं वर्कशॉपचं जॉब राहिलं नाही.

पाणी किती जोराने ओढतं?

कुठलीही वस्तू बनवायची तर आधी तिच्यावर किती लोड येणार ते काढायचं. फ्लुइड मेकॅनिक्समधलं सूत्र आठवा: ओढ = अर्धा × पाण्याची घनता × आकाराचा गुणांक × पाण्याला सामोरं जाणारं क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग.

आपलं कयाक ३ मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद आहे, आणि माणूस बसल्यावर साधारण १२ सेंटीमीटर बुडतं असं धरू. खाडीच्या पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर, घनता १०२५.

कयाकचं निमुळतं टोक प्रवाहाकडे असेल तर सामोरं क्षेत्रफळ ०.०९ चौ. मी. आणि गुणांक सुमारे ०.३. उत्तर येतं जवळजवळ १४ न्यूटन, म्हणजे दीड किलोपेक्षा कमी. एका बोटाने धरता येईल इतकंच!

आता तेच कयाक आडवं झालं तर? क्षेत्रफळ ०.३६ चौ. मी., आकार पाटासारखा म्हणून गुणांक सुमारे १.१. उत्तर २०३ न्यूटन, म्हणजे २० किलोच्या वर. तेच पाणी, तीच होडी आणि तोच माणूस, फक्त दिशा बदलली तर ओढ जवळजवळ पंधरापट झाली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शिवाय वेगाचा वर्ग असल्यामुळे प्रवाह दुप्पट झाला की ओढ चौपट होते.

यात वारा मिळवायचा. सेकंदाला ८ मीटर वारा बसलेल्या माणसावर आणि कयाकच्या वरच्या भागावर साधारण अडीच किलोचा जोर देतो. म्हणजे टोक प्रवाहाकडे असताना एकूण ओढ ४ किलो धरू. लाट आली, झुळूक जोरात आली तर क्षणभर १० किलो. हे आपलं डिझाइन लोड.

सिमेंटचा डबा का नको?

पाण्यात वस्तू हलकी होते हे आर्किमिडीजने सांगून ठेवलंय. पण किती हलकी होते ते वस्तूच्या घनतेवर अवलंबून. सिमेंट काँक्रीटची घनता सुमारे २४००. म्हणजे समुद्राच्या पाण्यात ५ किलोचा डबा जेमतेम २.९ किलोचा उरतो. लोखंड मात्र ७८५० चं, त्यामुळे ५ किलोचं ४.३ किलो उरतं.

डबा तळावर नुसता बसतो, रुतून धरत नाही. त्याचा सगळा भरवसा घर्षणावर. घर्षणाचा गुणांक अर्धा धरला तर २.९ किलोचा डबा फार तर दीड किलो ओढ सहन करणार. आपल्याला हवी ४ किलो. डब्यानेच काम भागवायचं तर तो १५ किलोच्या आसपास हवा. एवढं वजन कयाकच्या कडेवरून वाकून वर ओढायला गेलं की माणूसच पाण्यात जायचा.

तेव्हा वजन वाढवणं हा मार्ग नाही. नांगराने जमिनीत घुसायला हवं.

सगळी जादू कोनाची

मी हे गणित मांडत बसले होते तेव्हा मामा मागून बघत होता. त्याला सूत्र कळत नव्हतं, पण मी काय शोधतेय ते बरोबर कळलं. म्हणाला, "वजन काय करील गो बाय? दोर सोर, दोर!" (आमच्या आगरी बोलीत 'सोड'चं 'सोर' होतं.) नांगर धरत नसेल तर आणखी दोर सोडायचा, हे त्याचं शास्त्र. कागदावर ते असं दिसतं.

दोर नांगरापासून होडीपर्यंत तिरका जातो. त्याच्या ताणाचे दोन घटक पाडा. आडवा घटक नांगराला चिखलात घुसवतो, उभा घटक त्याला वर उपटतो. पाण्याच्या खोलीच्या किती पट दोर सोडला यावर कोन ठरतो. आडवी ओढ ४ किलो असेल तर:

खोलीच्या २ पट दोर: कोन ३० अंश, वर उपटणारा जोर २.३ किलो.
३ पट दोर: कोन साडेएकोणीस अंश, जोर १.४ किलो.
५ पट दोर: कोन साडेअकरा अंश, जोर ०.८ किलो.
७ पट दोर: कोन ८ अंश, जोर ०.६ किलो.

बघा, नांगर तोच, पण दोर दुपटीवरून पाचपट केला की उपटणारा जोर जवळजवळ एक तृतीयांश झाला. पाचाच्या पुढे फायदा हळूहळू कमी होत जातो. म्हणून नेहमीसाठी ५ पट आणि वारा असेल तर ७ पट, हा जगभरचे नावाडी पाळतात तो ठोकताळा. खोली मोजताना पाण्यापासून दोर बांधलेल्या जागेपर्यंतची उंचीही त्यात धरायची.

आता साखळीचं काम. नांगर आणि दोर यांच्यामध्ये २ मीटर लोखंडी साखळी घातली तर ती आपल्या वजनाने तळावर पडून राहते. आपली साखळी पाण्यात १.४ किलो भरते. पाचपट दोराला उपटणारा जोर ०.८ किलोच आहे, म्हणजे साखळीचा काही भाग जमिनीवरच राहणार आणि नांगराला मिळणारी ओढ अगदी आडवी होणार. दुप्पट दोराला मात्र २.३ किलो जोर येतो. अख्खी साखळी उचलली जाते आणि नांगराचं नाक वर होतं. मग तो धरत नाही, नुसता घसरत येतो.

नांगराची जुनी वंशावळ

हे ज्ञान आजकालचं नाही. द्वारकेच्या समुद्रात डॉ. एस. आर. राव आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांना शंभराहून अधिक दगडी नांगर सापडले. महाराष्ट्रात विजयदुर्गजवळही असे नांगर मिळाले आहेत. त्यातल्या एका प्रकारात त्रिकोणी दगडाला तीन भोकं असतात. वरचं गोल भोक दोरासाठी आणि खालची दोन चौकोनी भोकं लाकडी खुंट्यांसाठी. म्हणजे नुसता दगड पुरत नाही, त्याला तळात रुतणारे दात हवेत, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. दगड फक्त दातांना खाली दाबून ठेवायचा.

आपल्याकडची डोल जाळीसुद्धा याच वर्गात येते. हे पिशवीसारखं लांबलचक जाळं प्रवाहात तोंड उघडं ठेवून उभं राहतं, मासे पाण्याबरोबर आपोआप आत येतात. भरतीच्या ओढीला ते टिकतं ते जागेवर पक्कं जखडून ठेवलेलं असतं म्हणून.

आता आपल्या अभ्यासक्रमाच्या जवळचं नाव. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ज्यांचं नाव पुन्हा पुन्हा भेटतं ते ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर हौशी नावाडीही होते. वजनाला हलका पण घट्ट धरणारा नांगर हवा म्हणून त्यांनी १९३३ मध्ये एक नवीन आकार काढला. त्याचं नाव सीक्यूआर. हा उच्चार भरभर केला तर इंग्रजीतल्या 'सुरक्षित' या शब्दासारखा ऐकू येतो, अशी त्यात कोटी आहे. आकार कसला? तर शेतातल्या नांगराच्या फाळाचा! इंग्रजीत अशा नांगराला आजही शेतातल्या नांगराचंच नाव लावतात. म्हणजे मराठीतलं नावसाम्य टेलरसाहेबांनी लोखंडात उतरवून दाखवलं म्हणायचं.

साहित्य

फाळाचा आकार वर्कशॉपमध्ये नीट जमवणं कठीण. म्हणून आपण चार दातांचा नांगर करू आणि खाडीच्या मऊ गाळासाठी प्रत्येक दाताला छोटा पंजा लावू.

१. १० मिमीची साधी गोल सळई, २ मीटर. (५० सेंटीमीटरचे चार तुकडे.)
२. एक इंची काळा पाइप, २५ सेंटीमीटर.
३. ३ मिमी जाडीचा पत्रा, ८ × ६ सेंटीमीटरचे चार तुकडे.
४. दोन कड्या (सळईच्याच वळवून), दोन शॅकल.
५. ६ मिमीची साखळी, २ मीटर.
६. ८ मिमीचा नायलॉन दोर, २५ मीटर.
७. दोन छोट्या कप्प्या, ६ मिमीचा दोर ७ मीटर, एक स्टेनलेस कडी.
८. तेलाचा ५ लिटरचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा, झाकणासकट.
९. प्लॅस्टिकचे केबल टाय.

सिव्हिलच्या मित्रांचं सूत्र इथे कामाला येतं. सळईचं दर मीटर वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२. दहाची सळई मीटरला ०.६१७ किलो, म्हणून २ मीटरची १.२३ किलो. पाइप अंदाजे ०.६ आणि पंजे ०.४५. नांगर झाला सुमारे २.३ किलोचा, साखळी १.६ किलोची. एकूण ३.९ किलो आणि पाण्यात ३.४ किलो. १० किलोची झुळूक आली आणि दोर दुप्पटच असेल तर उपटणारा जोर ५.८ किलो होतो, म्हणजे नांगर आणि साखळी दोन्ही उचलली जाणार. पाचपट दोर असेल तर तो २ किलोच राहतो. कोनाचं महत्त्व याहून स्पष्ट काय सांगू?

सळई साधी गोलच घ्यायची, बांधकामाची पिळाची नको. साध्या मऊ लोखंडाचा दात दगडात अडकला तर जोराच्या ओढीला सरळ होऊन सुटतो, आणि घरी आणून हातोडीने परत वळवता येतो. दोर नायलॉनचा, कारण तो ताणला जातो आणि लाटेचा हिसका गिळतो. शिवाय पाण्यात बुडतो. पॉलिप्रॉपिलीनचा पिवळा दोर तरंगतो आणि वल्ह्यात अडकतो. ताकदीला ६ मिमीचा दोरही भरपूर होतो, पण ओल्या हाताला ८ मिमीचा चांगला धरता येतो.

कृती

१. चारही सळया एकत्र जुळवून पाइपात घाला. १० मिमीच्या चार सळया सुमारे २४ मिमीच्या वर्तुळात मावतात आणि एक इंची पाइपाचं पोट साधारण २७ मिमी असतं, त्यामुळे बरोबर बसतात. २५ सेंटीमीटर आत, २५ बाहेर.

२. पाइपाच्या दोन्ही तोंडांना वेल्डिंग करा. ३.१५ मिमीचा साधा इलेक्ट्रोड आणि १०० ते ११० अँपिअर पुरे. इथे एक महत्त्वाची सूचना: भंगारात जस्ताचा मुलामा असलेला पांढरा पाइप सहज मिळतो, तो घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळून पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी-ताप भरतो. काळाच पाइप घ्या. वेल्डिंग वर्कशॉपच्या सरांसमोर, मास्क आणि हातमोजे घालून करा.

३. बाहेरच्या सळया बाकात धरून एकेक वळवा. वर लांब पाइप चढवला की तरफ चांगली मिळते. दात बाहेर येऊन परत वर वळले पाहिजेत, उलट्या झालेल्या छत्रीच्या काड्यांसारखे. दात आणि पाइप यांच्यात ४० ते ४५ अंशांचा कोन ठेवा. वळण एकदम टोकदार नको, नाहीतर तिथे चीर पडते.

४. पत्र्याचे पंजे दातांच्या टोकाजवळ जोडा. पंजाची सपाट बाजू वरच्या कडीकडे. दाताचं टोक पंजाच्या २-३ सेंटीमीटर पुढे राहू द्या, म्हणजे आधी टोक घुसेल आणि मग पंजा धरेल.

५. एक कडी पाइपाच्या वरच्या टोकाला आणि दुसरी खाली, दात फुटतात त्या मध्यावर वेल्ड करा. धारा घासून रेड ऑक्साइड आणि वर भडक रंग लावा.

६. आता युक्ती. साखळी वरच्या कडीला जोडायची नाही! ती शॅकलने खालच्या कडीला जोडायची, पाइपाच्या बाजूने वर आणायची आणि वरच्या कडीला फक्त केबल टायने बांधायची. नेहमीची ओढ टाय सहन करतो. नांगर अडकला तर होडी त्याच्या वर नेऊन जोराने ओढायचं. टाय तुटतो, ओढ खालच्या टोकाला लागते आणि नांगर उलटा होऊन सुटून येतो.

आमच्या शेतात चिखल होता तेव्हा आम्ही ताणकाटा लावून हा नांगर ओढून बघितला. कमी दोराला तो उड्या मारत मागे आला. दोर वाढवला तेव्हा दात रुतले आणि १० किलोचा काटा संपला तरी हलेना. मामा काही बोलला नाही, फक्त हसला.

दोर बांधायचा कुठे?

मित्रांनो, हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. भावाचा बेत होता की दोर आपल्या मांडीशेजारी कडेला बांधायचा, म्हणजे हाताशी राहील. आता तो पंधरापटीचा आकडा आठवा. दोर मधोमध कडेला बांधला की कयाक प्रवाहाला आडवं होतं. १४ न्यूटनचे २०३ होतात. दोर ती कड खाली ओढतो, पाणी आत चढतं आणि होडी पालथी होते. हे सगळं काही सेकंदांत घडू शकतं. ओढ नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकालाच आली पाहिजे.

पण कयाकमध्ये बसून टोकापर्यंत हात पोचत नाही, आणि उभं राहून जायची सोय नाही. त्यासाठी गावच्या विहिरीवरची कप्पी आठवा. कयाकच्या एका बाजूने पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक कप्पी लावायची. ६ मिमीचा दोर दोन्हीतून फिरवून त्याचा बंद फेरा करायचा आणि फेऱ्यात स्टेनलेस कडी गुंफायची. नांगराचा दोर या कडीतून घ्यायचा. फेरा ओढला की कडी वाळत घातलेल्या कपड्यासारखी सरकत टोकाला जाते. परत यायचं असेल तर उलटा ओढायचा. जागेवरून उठावं लागत नाही.

नांगराच्या दोराचं वरचं टोक कयाकला कायमचं बांधायचं नाही. ते हाताजवळच्या खुंटीला एका झटक्यात सुटेल अशा फासाने अडकवायचं, आणि त्या टोकाला रिकामा डबा बांधायचा. संकट आलं, मोठी बोट आली, प्रवाह वाढला की फास सोडायचा आणि निघून जायचं. डबा तरंगत राहतो. ५ लिटरचा डबा साधारण ५ किलो उचलतो आणि आपला नांगर-साखळी पाण्यात ३.४ किलो, त्यामुळे नांगर खोल पाण्यात सरकला तरी डबा बुडत नाही. नंतर सावकाश येऊन उचलायचा. डबा मात्र कडीतून सहज पार होईल की नाही ते किनाऱ्यावर तपासून घ्या. होत नसेल तर कडी उघडता येणारी हवी. सोबत सुरी ठेवा, गळ्यात किंवा जॅकेटवर, पिशवीत नको.

पाण्याचं घड्याळ

मुंबईच्या किनाऱ्याला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या आसपास जातो. समजा ओहोटीला दीड मीटर पाण्यात तुम्ही नांगर टाकला आणि ८ मीटर दोर सोडला. पाचपटीहून जास्त, उत्तम! तीन तासांनी पाणी २ मीटर चढलं. खोली झाली साडेतीन मीटर आणि तोच दोर आता सव्वादोन पट. तुम्ही काहीच केलं नाही, तरी नांगर सुटला. म्हणून भरतीत दर थोड्या वेळाने दोर वाढवत राहायचं.

पाणी सगळ्या तासांत सारखं चढत नाही. सहा तासांचे ढोबळ हिस्से बाराव्या भागांत असे: १, २, ३, ३, २, १. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासाला ओढ सर्वांत जास्त. नांगर टाकून बसायला भरती किंवा ओहोटी संपतानाचा सुस्त पाण्याचा वेळ चांगला.

ही वेळ मामा पंचांगावरून काढतो. जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ. सप्तमी असेल तर सात पाऊण सव्वापाच. प्रतिपदेला एक पाऊण पाऊण, म्हणजे पाऊण वाजता! आमच्या शाळेत इंग्रजी पाढे होते, पाऊणकी नव्हती, पण हिशोब ताडून पाहिला. पंधरा तिथींत भरतीची वेळ साधारण १२ तास सरकते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. मामाची पाऊण म्हणजे ४५. पक्षाच्या शेवटी अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो आणि खाडीत आत जावं तसा आणखी उशीर होतो. तेव्हा पाऊणकी अंदाजाला आणि छापील तक्ता खात्रीला, असं दोन्ही वापरा.

केव्हा टाकायचाच नाही

पाणी जोरात ओढत असेल तेव्हा नाही. पुलाच्या खांबांजवळ नाही, तिथे भोवरे असतात आणि तळाला अडकायला खूप काही असतं. बोटींच्या वाटेत नाही. दुसऱ्याच्या जाळ्याजवळ तर नाहीच, तो त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पावसाळ्यात नाही. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कधीच नाही. आणि किनाऱ्यावर कुणाला तरी परत यायची वेळ सांगून जायचं.

भावाला नांगर देण्याआधी मी एक परीक्षा घेतली. कमरेएवढ्या शांत पाण्यात, जॅकेट घालून आणि मामा शेजारी उभा असताना, डोळे मिटून फास सोडून दाखवायचा. पहिल्यांदा त्याला वेळ लागला. दहाव्यांदा हात आपोआप गेला, तेव्हा मामी म्हणाली, "आता ने."

आपण इंजिनिअरिंगमध्ये वस्तू किती घट्ट धरेल याचा खूप अभ्यास करतो. ती गरज पडल्यावर किती पटकन सोडता येईल हाही डिझाइनचाच भाग आहे, आणि एकट्या माणसाच्या होडीत तोच पहिला. या सगळ्या सामानाला महिन्याच्या मेसच्या बिलापेक्षा पुष्कळ कमी खर्च आला. कुणाला बनवायचा असेल तर वर्कशॉपमध्ये जरूर भेटा, मापं देईन. फास सोडायची परीक्षा मात्र द्यावी लागेल!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल